वाचकांचे प्रश्न : सरोवरातील कॅरोफाइट आणि खडकातील त्यांचे दाणे

गेल्या अंकात कॅरोफाइट या मुख्यतः गोड्या पाण्यातील शैवालांविषयी आम्ही एक छोटे टिपण प्रसिद्ध केले होते. या शैवालांच्या हयात जातींचा अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ १९८९ पासून एका आंतरराष्ट्रीय गटाच्या रूपाने एकत्र काम करीत आहेत, असा त्यात उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : शैवालांचा अभ्यास कोणत्याही देशातील विद्यापीठात होऊ शकतो. मग त्यासाठी आंतरराष्ट्रीय गटाची आवश्यकता का भासावी? आणि हयात वनस्पतींचे व जीवाश्मांचे अभ्यासक एकाच गटात असण्याचे कारण काय?

शैवाल म्हटले की साचलेल्या पाण्यावरचा हिरवा तवंग किंवा दगडावरचा बुळबुळीत थर आपल्या डोळ्यांसमोर येतो. कॅरोफाइट शैवालांचे रूप याहून फार वेगळे असते. कारा, नायटेला, टॉलिपेला, निटेलॉप्सिस, लिक्नोथॅम्नस आणि लॅम्प्रोथॅम्नियम हे या समूहाचे आज हयात असलेले सर्वमान्य वंश, म्हणजे निकटच्या जातींचे गट, होत. ही शैवाले तळाच्या गाळात मुळांसारख्या धाग्यांनी रुजतात, काही सेंटिमीटरपासून मीटरभरापर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक वाढतात, आणि त्यांच्या खोडासारख्या अक्षावर ठरावीक अंतराने पेरी असून प्रत्येक पेऱ्याभोवती बारीक उपशाखांचे वलय असते. दोन पेऱ्यांमधील कांड्याचा गाभा म्हणजे एकच पेशी असते आणि ती कित्येक सेंटिमीटर लांब असू शकते. इटालियन निसर्गशास्त्रज्ञ बोनाव्हेंतूरा कोर्ती यांनी १७७४ मध्ये वनस्पतिपेशीतील द्रव सतत फिरत असल्याचे प्रथम नोंदविले, ते याच समूहातील वनस्पतींच्या निरीक्षणावरून. पेशींचे विद्युत्-गुणधर्म अभ्यासणाऱ्यांनाही ही मोठी पेशी पुढे फार उपयोगी पडली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. यातील कित्येक जातींचा प्रसार खंडांच्या सीमा ओलांडणारा आहे आणि एका देशात दिसणारे त्यांचे चित्र अपुरेच नव्हे, तर दिशाभूल करणारेही असू शकते. कारा कॅनेसेन्स या जातीचे उदाहरण पाहा. उत्तर युरोपात ती जेथे सापडते तेथे जवळजवळ सर्वत्र केवळ मादी वनस्पती असतात आणि निषेचनाविनाच, म्हणजे नरपेशीशी संयोग न होताच, त्यांचे बीजाणू तयार होतात. नर वनस्पतींसह नांदणारे समुदाय मात्र ऑस्ट्रियासारख्या मोजक्याच ठिकाणी आढळतात. केवळ उत्तरेकडील समुदाय पाहणाऱ्या अभ्यासकाला या जातीची निम्मी हकिकत कधीच कळली नसती. लिक्नोथॅम्नस बार्बाटस या जातीची कथाही अशीच बोलकी आहे. ती युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या प्रदेशातून माहीत होती; अमेरिकेतील विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा येथील सरोवरांत ती आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या खंडावर पूर्वी कधीही न नोंदलेली वनस्पती ओळखायची, तर तिचे दुसऱ्या खंडांवरील नमुने आणि त्यांची वर्णने हाताशी असावीच लागतात.

दुसऱ्या शंकेचे उत्तर अधिक खोलात जाणारे आहे. हयात कॅरोफाइटांचे वर्गीकरण मुख्यतः वनस्पतीच्या देहावरून केले जाते. अक्षाभोवती बारीक पेशींचे आवरण आहे की नाही, त्या पेशींच्या ओळी किती, त्यांवर काटे कसे आहेत, नर आणि मादी अवयव एकाच वनस्पतीवर आहेत की वेगवेगळ्या, हे सारे पाहिले जाते. खडकात मात्र हा देह क्वचितच टिकतो. तेथे टिकते ते चुन्याने कठीण झालेले मादी जननेंद्रिय, म्हणजे मिलिमीटरभर आकाराचा एक दाणा. त्यामुळे दीडशे वर्षांहून अधिक काळ एकाच समूहाचे दोन अभ्यासकवर्ग दोन वेगळ्या लक्षणांवर दोन वेगळी वर्गीकरणे उभारीत राहिले, आणि ती एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासण्याचे काम फार थोड्यांनी केले. फ्रान्समधील माँपेलिए येथे लुई ग्रामबास्त यांनी जीवाश्म कॅरोफाइटांच्या अभ्यासाची भक्कम परंपरा निर्माण केली होती. त्याच शहरात १९८९ मध्ये हयात आणि जीवाश्म कॅरोफाइटांवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि इंटरनॅशनल रिसर्च ग्रुप ऑन कॅरोफाइट्स हा गट अस्तित्वात आला. पुढच्या परिषदा चीनमधील नानजिंग, जर्मनीतील रोस्टॉक, अर्जेंटिनातील मेंडोसा अशा दूरदूरच्या ठिकाणी झाल्या. सरोवराच्या काठावर आणि खडकाच्या उघड्या थरासमोर एकाच चमूने उभे राहावे, ही कल्पना मला या गटाच्या कार्यातील सर्वांत मोलाची वाटते.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. इतक्या नाजूक शैवालाचा जीवाश्म बनतो तरी कसा? आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचा दाणा कोणत्या वनस्पतीचा, हे कसे ठरविले जाते?

कॅरोफाइटांचे मादी जननेंद्रिय हे या समूहाचे वैशिष्ट्य आहे. मध्यभागी एक मोठी अंडपेशी असते आणि तिच्याभोवती पाच लांबट पेशी मळसूत्रासारख्या वेढे घेत वर जातात. वरच्या टोकाला या पेशींपासून एक लहानसा मुकुट तयार होतो. कारा आणि तिच्या निकटच्या वंशांत या मुकुटात पाच पेशींचे एकच वलय असते, तर नायटेला व टॉलिपेला यांच्यात पाच-पाच पेशींची दोन वलये असतात. निषेचनानंतर आतील बीजाणूभोवती अत्यंत चिवट भिंत तयार होते आणि अनेक जातींत मळसूत्री पेशींच्या आतल्या बाजूस कॅल्शियम कार्बोनेट साचते. वनस्पती कुजून जाते, मुकुटही बहुधा गळून पडतो, परंतु हा चुनायुक्त दाणा तळाच्या गाळात राहतो. त्याला जायरोगोनाइट म्हणतात.

हे दाणे प्रथम हाती आले तेव्हा त्यांचा वनस्पतीशी काही संबंध असेल अशी कोणाला शंकाही आली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी त्यांना कवचधारी प्राण्यांत स्थान दिले होते. १८१२ मध्ये लेमाँ यांनी हयात काराच्या जननेंद्रियाशी त्यांचे साम्य दाखवून दिले आणि तो संभ्रम दूर झाला. म्हणजे या विषयातील पहिला निर्णायक शोधच मुळी हयात वनस्पती आणि जीवाश्म शेजारी शेजारी ठेवून पाहण्यातून लागला आहे.

ओळख पटविण्यासाठी दाण्याची लांबी व रुंदी, त्या दोहोंचे गुणोत्तर, बाजूने दिसणाऱ्या वेढ्यांची संख्या, शिखराचा आकार, पृष्ठभागावरील गाठी अथवा कंगोरे आणि तळाच्या छिद्राला आतून झाकणारी चकती ही लक्षणे पाहतात. एकाच वनस्पतीवरचे दाणेदेखील परस्परांपासून बरेच भिन्न असतात, म्हणून एक-दोन दाण्यांवरून नवी जाती जाहीर करणे धोक्याचे ठरते. एका थरातील शंभराच्या आसपास दाणे मोजून त्या समुदायाचे वितरण पाहणे ही आता रूढ पद्धत आहे. हयात समुदायांतील दाण्यांची अशीच मोजमापे घेण्याचे काम इंगेबोर्ग सूलिए-मेर्श यांच्यासारख्या संशोधकांनी चिकाटीने केले आणि त्यामुळेच जीवाश्मातील फरक जातिभेदाचा की केवळ व्यक्तिभेदाचा, हे सांगण्यासाठी आधार मिळाला. माझ्या मते गेल्या अर्धशतकातील या विषयाची सर्वांत महत्त्वाची प्रगती हीच होय, जरी एखाद्या नव्या जीवाश्माच्या शोधाइतकी ती लक्षवेधी वाटत नसली तरी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. प्रत्येक वंशाचे दाणे सारख्या प्रमाणात चुनायुक्त होत नाहीत. नायटेलाच्या दाण्यांवर सहसा चुना साचतच नाही, त्यामुळे आज ती जगभर विपुल असूनही तिचा जीवाश्म-इतिहास अगदी तुटपुंजा आहे. खडकात नायटेला सापडली नाही, एवढ्यावरून ती तेव्हा नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. हयात वनस्पती पाहिलेला अभ्यासक हा इशारा वेळीच देऊ शकतो.

देहाचे जीवाश्म क्वचित का होईना, पण सापडतात. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या सिलिकामय खडकात पॅलिओनायटेला या शैवालाचा पेशीन् पेशी दिसावी इतका सुंदर जतन झालेला देह आढळला आहे, आणि त्यातील काही पेशींत शिरलेली परजीवी बुरशीसुद्धा ओळखता येते.

कॅरोफाइटांचा ज्ञात इतिहास सिल्युरियन कालखंडाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे सुमारे ४२ कोटी वर्षे मागे जातो. त्यानंतरच्या डेव्होनियन काळात या समूहाची विविधता आजच्याहून अगदी निराळी होती. काही कुलांच्या दाण्यांवर वेढे उजवीकडे वळत, काहींत ते वळत नसून उभेच असत. आज हयात असलेल्या प्रत्येक जातीत मात्र ते डावीकडेच वळतात. मध्यजीव महाकल्पात, म्हणजे डायनासोरांच्या युगात, क्लॅव्हेटोरेसी हे कुल भरभराटीस आले. त्याच्या दाण्याभोवती चुन्याचे आणखी एक, अनेकदा नक्षीदार, बाह्य आवरण असे. या महाकल्पाच्या शेवटच्या, क्रेटेशस नावाच्या कालखंडाच्या अखेरीस तेही नामशेष झाले. आज हयात असलेल्या सर्व जाती कॅरेसी या एकाच कुलातील आहेत. एवढ्या मोठ्या वंशवृक्षाची ही एकच शाखा उरली आहे, याची जाणीव ठेवूनच हयात जातींकडे पाहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : अशा दाण्यांवरून खडकाचे वय सांगता येते का?

येते, आणि जेथे दुसरी साधने अपुरी पडतात तेथे ते विशेष उपयोगी पडते. समुद्रात साचलेल्या खडकांचे वय ठरविण्यासाठी सूक्ष्म सागरी जीवांचे जीवाश्म मुबलक मिळतात. नद्या आणि सरोवरांच्या गाळात ते नसतात. तेथे जायरोगोनाइट, गोड्या पाण्यातील ऑस्ट्राकॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे अवशेष आणि परागकण यांच्यावरच बरीचशी भिस्त असते. युरोपातील पुराजीन, म्हणजे क्रेटेशसनंतर लगेच आलेल्या, काळातील थरांसाठी कॅरोफाइटांवर आधारित कालविभाग निश्चित करण्यात आले आहेत. चीनमध्ये तेलसाठ्यांच्या शोधासाठी खोदलेल्या विहिरींतील सरोवरी थर जुळविण्यासाठी या दाण्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला.

येथे सहकार्याची निकड अगदी स्पष्ट दिसते. एका खोऱ्यात जातींचा क्रम कितीही बारकाईने लावला, तरी त्याला वर्षांचे आकडे जोडण्यासाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर, पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल झाल्याची नोंद किंवा मध्येच शिरलेला सागरी थर असावा लागतो, आणि तो प्रत्येक खोऱ्यात नसतो. क्लॅव्हेटर ग्रोव्हेसाय या क्रेटेशस वंशमालिकेत दाण्याभोवतीच्या आवरणाचे रूप क्रमाक्रमाने बदलत गेलेले दिसते. ती युरोपातही सापडते आणि चीनमध्येही. युरोपातील काही थरांचे वय सागरी जीवाश्मांमुळे चांगले ठाऊक आहे, म्हणून तेथील क्रम चीनमधील थरांच्या वयासंबंधी पुरावा देतो. मात्र त्यासाठी दोन्हीकडच्या अभ्यासकांनी एकमेकांचे दाणे एकाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले असावे लागतात. छायाचित्रांवरून केलेली तुलना अनेकदा फसते.

दख्खनच्या लाव्हाथरांदरम्यान साचलेल्या सरोवरी गाळातही प्लॅटीकारा या वंशाचे दाणे मिळतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशस आणि पुराजीन यांच्या सीमेच्या आसपास, ही सरोवरे अस्तित्वात होती. हाच वंश अन्य खंडांवरही नांदत होता, त्यामुळे या थरांची तुलना दूरच्या प्रदेशांशी करता येते.

वयाखेरीज पाण्याचे स्वरूपही या दाण्यांवरून कळते. लॅम्प्रोथॅम्नियम हा वंश खारट आणि क्षारता सतत बदलणाऱ्या पाण्यात वाढतो, हे हयात वनस्पतींवरून आपल्याला ठाऊक आहे. सहाराच्या आज कोरड्या असलेल्या खोलगट भागांत त्याचे दाणे सापडतात, तेव्हा तेथे केवळ सरोवर होते एवढेच नव्हे, तर ते कोणत्या प्रकारचे होते हेही सांगता येते. दाण्यातील चुन्यात असलेल्या ऑक्सिजन व कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) त्या पाण्याचे तापमान आणि बाष्पीभवन यांचा अंदाज बांधता येतो. परंतु आजच्या सरोवरांत नेमक्या कोणत्या महिन्यांत हे दाणे चुना साठवतात, हे पाहून ठेवलेले असेल तरच त्या अंदाजाला अर्थ येतो.

प्रश्न : जगात कॅरोफाइटांच्या किती जाती आहेत, याविषयी निरनिराळे आकडे वाचनात येतात. तज्ज्ञांत इतका मतभेद का?

हा मतभेद आकड्यांचा नसून जाती कशाला म्हणावे याविषयीचा आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ वुड आणि जपानी शास्त्रज्ञ इमाहोरी यांनी १९६४-६५ मध्ये जगभरातील कॅरेसी कुलाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा तो एक थोर नमुना होता. त्यात वुड यांनी पूर्वीच्या कित्येक शे जाती रद्द करून सुमारे ८० जाती मान्य केल्या आणि उरलेल्यांना त्यांच्या उपजाती अथवा प्रकार मानले. नर व मादी अवयव एकाच वनस्पतीवर असणे किंवा वेगळ्या वनस्पतींवर असणे हा भेद त्यांनी जाती वेगळ्या मानण्यास पुरेसा समजला नाही. अनेक अभ्यासकांना हे पटले नाही. पुढे संकर-प्रयोग, गुणसूत्रांची गणना आणि डीएनएचे विश्लेषण यांतून असे दिसून आले की, वुड यांनी एकत्र केलेल्या अनेक समुदायांत प्रत्यक्षात परस्पर प्रजनन होत नाही. म्हणून आज मान्य जातींची संख्या ८० हून कितीतरी अधिक धरली जाते.

तथापि डीएनएमुळे प्रत्येक वाद मिटला, असेही नाही. ओळखीसाठी सामान्यतः हरितलवकातील आरबीसीएल आणि मॅटके ही जनुके वापरतात. कारा हिस्पिडा, कारा बाल्टिका आणि त्यांच्या जवळच्या युरोपीय रूपांना ही जनुके परस्परांपासून नीट वेगळी करू शकत नाहीत, जरी क्षेत्रीय अभ्यासक ती रूपे नेहमी वेगळी ओळखतात. ही रूपे अलीकडेच विभक्त होऊ लागलेल्या जाती आहेत, की परिस्थितीनुसार बदलणारी एकच जाती, याचा निर्णय एकाच देशातील नमुन्यांवर करता येणार नाही. आइसलँडपासून भूमध्य समुद्रापर्यंतचे समुदाय एकाच पद्धतीने वाढवून आणि मोजून पाहावे लागतील.

या साऱ्याच्या मुळाशी वनस्पतिसंग्रहालये आहेत, आणि त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. एखाद्या जातीचे नाव हे अंतिमतः कोणत्या तरी संग्रहालयात ठेवलेल्या एका मूळ नमुन्याशी बांधलेले असते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीचे अलेक्झांडर ब्राउन आणि स्वीडनचे ओटो नॉर्डस्टेट यांच्याकडे जगाच्या कानाकोपऱ्यांतून नमुने येत असत. त्यामुळे आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथील कितीतरी जातींचे मूळ नमुने युरोपात आहेत, आणि ज्या देशातून ते आले तेथील अभ्यासकाला आपल्याच सरोवरातील वनस्पतीचे नाव पक्के करण्यासाठी दुसऱ्या खंडाकडे पाहावे लागते. अशा संग्रहांचे उच्च प्रतीचे अंकीकरण करून ती छायाचित्रे सर्वांना खुली करणे, तसेच नवे मूळ नमुने शक्यतो ज्या देशात गोळा केले तेथेच ठेवून त्यांची जोड-प्रत अन्यत्र पाठविणे, याला मी उपकार मानत नाही. ते आवश्यक कर्तव्य आहे. सहकार्याच्या नावाखाली एका बाजूने केवळ नमुने आणि दुसऱ्या बाजूने केवळ निबंध, अशी विभागणी होत राहिली तर ते सहकार्य टिकाऊ ठरत नाही.

जीवाश्मांच्या नावांत आणखी एक अडचण आहे. दाण्याला मिळालेले नाव आणि हयात वनस्पतीला मिळालेले नाव ही वेगळ्या वंशांची असू शकतात, जरी दोन्ही एकाच वंशमालिकेतील असली तरी. युरोप आणि आशियाच्या नवजीव (क्रेटेशसनंतरच्या महाकल्पातील) थरांत टेक्टोकारा म्हणून वर्णिलेल्या दाण्यांचा संबंध आता हयात निटेलॉप्सिसशी जोडला जातो. असा प्रत्येक दुवा जुळविताना दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ लागतात.

प्रश्न : जमिनीवरील सर्व वनस्पती काराच्या वंशज आहेत, असे एका पुस्तकात वाचले. हे खरे आहे का?

नाही. काराचा देह गुंतागुंतीचा असल्यामुळे ती भूवनस्पतींची सर्वांत निकटची नातलग असावी, असे पूर्वी पुष्कळांना वाटत असे. मोठ्या प्रमाणावरील जनुकीय तुलनेतून आता असे दिसते की, स्पायरोगायरासारख्या शैवालांचा गट भूवनस्पतींच्या अधिक जवळचा आहे. भूवनस्पतींच्या पूर्वजांपासून काराची शाखा त्याआधीच वेगळी झाली होती. तरीही दोहोंच्या समान पूर्वजांत कोणती जनुके होती, हे जाणण्यासाठी कारा अपरिहार्य आहे. म्हणूनच २०१८ मध्ये जपान, जर्मनी आणि इतर अनेक देशांतील संशोधकांनी मिळून कारा ब्राउनाय या जातीचा जनुकसंच प्रसिद्ध केला, तेव्हा भूवनस्पतींचे म्हणून ओळखले जाणारे कित्येक गुणधर्म पाण्यातच उदयास आले होते, हे अधिक स्पष्ट झाले.

प्रश्न : या संशोधनाचा सरोवरांच्या संरक्षणासाठी काही प्रत्यक्ष उपयोग होतो का?

होतो. कॅरोफाइटांच्या बहुतेक जातींना स्वच्छ, पारदर्शक आणि फॉस्फरसचे प्रमाण कमी असलेले पाणी मानवते. त्यांचे दाट गालिचे तळाचा गाळ धरून ठेवतात, सूक्ष्म प्राण्यांना आसरा देतात आणि त्यामुळे पाणी आणखी निवळते. सांडपाणी अथवा खते यांमुळे पोषकद्रव्ये वाढली की पाणी गढूळ हिरवे होते, तळापर्यंत प्रकाश पोहोचत नाही आणि हे गालिचे पाहता पाहता नाहीसे होतात. नेदरलँड्समधील फेलुवेमेर या सरोवरात १९६० च्या दशकात नेमके हेच घडले. १९७९ पासून तेथे येणारा फॉस्फरस कमी करण्यात आला, परंतु पाणी लगेच निवळले नाही. तळ ढवळणाऱ्या माशांची संख्या घटल्यानंतर, १९९० च्या दशकात, कारा पुन्हा सरोवरभर पसरली. सरोवर एका अवस्थेतून दुसरीत एकदम का उडी घेते आणि परत येण्यास इतका वेळ का लागतो, हे समजण्यासाठी या सरोवराचा अभ्यास जगभर आधारभूत मानला जातो.

कॅरोफाइटांचे बीजाणू गाळात दशकानुदशके सजीव राहू शकतात. त्यामुळे सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नळीतून दोन गोष्टी एकदम कळतात : तेथे पूर्वी कोणत्या जाती होत्या आणि त्यांपैकी कोणत्या स्वतःहून परत येण्याची आशा आहे. सरोवराची मूळ अवस्था कशी होती, या प्रश्नाला स्मरणावर विसंबून उत्तर देण्यापेक्षा हा पुरावा केव्हाही अधिक विश्वसनीय असतो, आणि तो वाचण्यासाठी जीवाश्म-अभ्यासकाचीच नजर लागते. युरोपीय संघाच्या अधिवासविषयक निर्देशात काराच्या गालिच्यांनी युक्त, चुनायुक्त आणि कमी पोषकद्रव्यांच्या सरोवरांना ३१४० या क्रमांकाखाली संरक्षणीय अधिवास म्हणून स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

एका जातीचे उदाहरण या संदर्भात विशेष विचार करायला लावते. निटेलॉप्सिस ऑब्टुसा ही युरेशियातील मूळ जाती ब्रिटनमध्ये दुर्मीळ मानली जाते. हीच वनस्पती १९७० च्या दशकात सेंट लॉरेन्स नदीत आढळली आणि त्यानंतर ग्रेट लेक्सच्या परिसरातील अनेक सरोवरांत आक्रमक तण म्हणून पसरली. २०१५ मध्ये ती मिनेसोटातही पोहोचली. उत्तर अमेरिकेत आजवर तिच्या केवळ नर वनस्पती आढळल्या आहेत, म्हणजे तेथे तिचा प्रसार बीजाणूंनी होत नसून देहाच्या तुकड्यांपासून आणि ताऱ्याच्या आकाराच्या पांढऱ्या कंदिकांपासून होतो. एका खंडावर जतन आणि दुसऱ्यावर निर्मूलन, असे दोन्ही प्रयत्न एकाच जातीबाबत सुरू आहेत. ती मूळ प्रदेशात कोणत्या पाण्यात, किती खोलीवर आणि कोणत्या तापमानाला वाढते ही युरोप व जपानमधील माहिती अमेरिकेतील व्यवस्थापकांना हवी असते, आणि अमेरिकेतील वेगवान वाढीचे निरीक्षण युरोपातील संवर्धकांना.

प्रश्न : आम्ही काही निसर्गप्रेमी मित्र सरोवरांची निरीक्षणे करतो. कॅरोफाइटांचे नमुने गोळा करून परदेशातील तज्ज्ञांकडे पाठवावेत का?

गोळा अवश्य करावेत, पण थेट परदेशी पाठवू नयेत. २०१० मध्ये संमत झालेला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात आलेला नागोया करार जैविक संसाधनांच्या देवाणघेवाणीला मूळ देशाची संमती आणि लाभांतील वाटा यांच्याशी जोडतो. त्यावर आधारित नियम देशोदेशी निरनिराळे आहेत. जीवाश्मांच्या बाबतीतही अनेक देशांचे कायदे कडक असून परवानगीविना ते देशाबाहेर नेणे हा गुन्हा ठरतो. या नियमांमुळे काम मंदावते अशी तक्रार काही संशोधक करतात आणि तिच्यात तथ्य आहेच; तरी ज्या प्रदेशांतून पिढ्यान्‌पिढ्या नमुने केवळ बाहेरच गेले, त्या प्रदेशांची सावधगिरी मला रास्त वाटते. आपण प्रथम जवळच्या विद्यापीठातील अथवा मान्यताप्राप्त वनस्पतिसंग्रहालयातील अभ्यासकाशी संपर्क साधावा. बाहेरील तज्ज्ञांचे मत त्यांच्यामार्फत घेता येते.

नमुना घेताना पूर्ण वनस्पती तळापासून हलक्या हाताने काढावी, आणि समुदाय लहान असेल तर एक-दोन फांद्यांवर समाधान मानावे. जननेंद्रिये असलेली फांदी मिळाली तर ओळख बरीच सोपी होते. नमुन्याचा एक भाग पाण्यात तरंगवून जाड कागदावर पसरून दाबून वाळवावा, दुसरा सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि एखादे टोक सिलिका जेलमध्ये झटपट सुकवावे, म्हणजे पुढे डीएनए काढता येते. त्याच जागेवरचा मूठभर गाळही घ्यावा. तो पाण्यात भिजवून एक, अर्धा आणि ०.२ मिलिमीटर छिद्रांच्या चाळण्यांतून धुतला की वनस्पतीचे दाणे निराळे होतात, आणि त्या वनस्पतीला तिच्या भावी जीवाश्माची जोड मिळते. घट्ट झालेला जुना चुनखडीमिश्रित गाळ असेल तर पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून तो रात्रभर ठेवावा. आम्ल मात्र कधीही वापरू नये, कारण त्यात दाणेच विरघळून जातात.

प्रत्येक नमुन्यासोबत अक्षांश-रेखांश, दिनांक, पाण्याची खोली, तळाचे स्वरूप आणि शक्य असल्यास पाण्याचा सामू (पीएच) व विद्युत्-वाहकता यांची नोंद कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावी. शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये पुसले जाते, आणि स्थळाची नोंद नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही. त्याच सरोवराला वर्षातून दोन वेळा, वाढीच्या आरंभी आणि बीजाणू पक्व होण्याच्या सुमारास, भेट देऊन नोंदी ठेवल्यास अधिक चांगले. कारण काही जाती थोडेच आठवडे दिसतात आणि एकाच भेटीत त्या सहज नजरेतून सुटतात.